बाई आणि टेबल

दुसऱ्यांची मृत्युपत्रं टाइप करण्यात माझी बारा वर्षं गेली. इथे परदेशात, रॅफल्स प्लेसला एका वकिलांच्या ऑफिसात मी क्लार्क होते. कुणाला काय द्यायचं, घेणारा आधी गेला तर कुणाला, नवरा-बायको एकदमच गेले तर काय, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माणसं मरणाचं बोलायला यायची आणि भांडायची मात्र आईच्या बांगड्यांवरून. मी शांतपणे विचारायचे, बांगड्या चार की सहा? एवढं करून माझं स्वतःचं मृत्युपत्र नव्हतंच. नवऱ्याने दोनदा आठवण करून दिली, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले की मला पोचवायची एवढी घाई कशाला.

मग एका सोमवारी नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पडद्यावर मला माझी किडनी दाखवली, आणि तिच्यावरची गाठही. ऑपरेशन पाच आठवड्यांनी ठरलं. गाठ कसली आहे ते बाहेर काढल्यावरच कळणार होतं. मी घरी आले, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून बसले. रडायचं ते नंतर बघू, हा माझा पहिल्यापासूनचा खाक्या.

मृत्युपत्र तासाभरात झालं. फ्लॅट नवऱ्याला, त्याच्यानंतर लेकीला. दागिने लेकीला. पुस्तकं जो नेईल त्याला. अडलं ते एकाच ठिकाणी. आमच्या बाईचं काय?

बाई म्हणजे आमच्या घरी राहून सगळं घर सांभाळणारी, इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. वयाने माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही, आणि न विचारता तिच्या बाबतीत मी जे केलं तेवढं पुरे झालं. तिची पुरणपोळी माझ्या पोळीपेक्षा पातळ व्हायची, हे मी तोंडावर कधी कबूल केलं नाही. मराठी तिला स्वयंपाकघरापुरतं यायचं, बाकी सगळं इंग्रजीत. लेकीचा ताप, लेकीचा डबा, लेकीची वेणी, सगळं तिनेच केलं. तिलाही एक मुलगी होती, अगदी माझ्या लेकीच्याच वयाची. ती तिकडे गावी आजीजवळ वाढत होती आणि दर दोन वर्षांनी पंधरा दिवस तिला आई मिळत होती.

ती आमच्याकडे आली तीही इथल्या आपल्या लोकांच्या रीतीने. एखादं मराठी कुटुंब बाडबिस्तरा आवरून पुण्या-मुंबईला परत निघालं की सगळ्यांना एक मेल जातो. सोफा, वॉशिंग मशीन, मुलांची सायकल, तुळशीची कुंडी. आणि त्याच यादीत बाई: अतिशय विश्वासू, आपला सगळा स्वयंपाक येतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट चांगली बाई परक्याच्या घरी गेली नाही, आपल्यातच राहिली, म्हणून सगळे खूश असतात. अशाच एका मेलमधून मी तिला घेतलं, आणि लेकीसाठी अभ्यासाचं एक खणांचं टेबलही. दोघंही एकाच शनिवारी एकाच गाडीतून आली. सोमवारी माझी त्या वकिलांकडची नोकरी सुरू होणार होती आणि लेक तिसरीत होती. देव पावला, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटले होते.

मृत्युपत्रात माणूस देता येत नाही, एवढी अक्कल मला होती. पण मृत्युपत्राच्या मागे घरच्यांसाठी एक साधं पत्र जोडता येतं. कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नसते, तरी घरचे ते पाळतात. कुत्रं कुणी सांभाळायचं, श्राद्ध करायचं की नाही, असलं सगळं लोक त्यात लिहितात. मी लिहिलं: माझ्यानंतर बाईला हौगांगला माझ्या धाकट्या जावेकडे द्यावं, फार विश्वासू आहे, आपल्या कुटुंबाबाहेर जाऊ देऊ नये.

हे लिहिताना माझे डोळे भरून आले होते, तेही सांगते. आपण तिची सोय लावतोय, असं मला मनापासून वाटत होतं. जावेला लगेच फोन केला. तिच्या घरी दीड वर्षाची जुळी. ती आधी माझ्यासाठी भरपूर रडली, मग नाक ओढत म्हणाली, "ताई, तुम्हाला काही होणार नाही. पण बाईचं म्हणाल, तर तुम्ही कधीही पाठवा."

बाई तेव्हा माझ्यापासून पाच पावलांवर ओट्याशी भेंडी चिरत होती. तिला विचारायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याच आठवड्यात लेकीने तिचा एक प्रकल्प माझ्या गळ्यात मारला. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकत होती. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी, ही इथल्या सगळ्याच मुलांची तऱ्हा. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हाची, गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांची मृत्युपत्रं तिला वाचून, टाइप करून द्यायची होती. जुन्या कागदांचे फोटो होते, पण अक्षर असं गिचमिड की ही की-बोर्डवर वाढलेली पिढी हात टेकून बसली. "आई, यू आर द विल पर्सन, ला," इथल्या पद्धतीने शेवटी "ला" जोडत म्हणाली. मला बरंच वाटलं. गाठीचा विचार करण्यापेक्षा मेलेल्यांचे कागद परवडले.

रविवारी दुपारी आम्ही तिच्या त्याच टेबलाशी बसलो. मी वाचायची, तिने टाइप करायचं. बाई सुट्टीवर होती. रविवारची सुट्टी कायद्याने येऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, त्याआधी आम्ही तिला महिन्यातून एकच द्यायचो, आणि तीही उपकार केल्यासारखी.

पहिलं मृत्युपत्र वाचताना मला चक्क माहेरी गेल्यासारखं वाटलं. तीच वाक्यं, तोच क्रम. देहाचं काय करायचं, कर्ज फेडायचं, मग एकेकाला एकेक वस्तू. मोठ्या मुलाला जमीन. बायकोला ती जिवंत असेपर्यंत राहतं घर. मधल्या मुलीला पिसांची गादी, तांबूस घोडी आणि एक बाई. त्या बाईचं नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. तिचा मुलगा धाकट्या मुलीला. आणि त्या बाईला पुढे जी मुलं होतील तीही मधल्या मुलीचीच, कायमची. खाली गाईच्या वासरांबद्दल जवळजवळ तेच शब्द होते.

मी चष्मा काढला. "मेल्याला लाज नाही वाटली?"

"पण ही लव्ह्ज हिज डॉटर्स, आई," लेक म्हणाली. "बघ ना, प्रत्येकीला काय लागेल याचा त्याने किती विचार केलाय. दॅट्स द स्केअरी पार्ट." तिच्या निबंधाचा मुद्दाच तो होता. हे दुष्टपणाने लिहिलेले कागद नव्हते. मायेने लिहिलेले होते. मुलीचं लग्न झालं की तिला घरकाम पडू नये, म्हणून बाप तिच्यासाठी कुणाची तरी आई काढून ठेवत होता.

असली चार-पाच वाचली. एकाने तर गरोदर बाईच्या पोटातलं मूलही वेगळं काढून नातवाच्या नावाने लिहून ठेवलं होतं. मग एका विधवेचं आलं. नवऱ्यामागे मळा सांभाळलेली, अक्षरावरून करारी वाटणारी. तिची स्वयंपाकीण होती. ती विश्वासू आहे, तेव्हा माझ्यानंतर ती माझ्या बहिणीकडे जावी आणि घराण्याबाहेर विकली जाऊ नये, असं त्या विधवेने लिहिलं होतं.

मी वाचता वाचता थांबले.

"नेक्स्ट?" लेकीने बोटं की-बोर्डवर ठेवून विचारलं.

मी म्हणाले, डोळे दुखले. पाणी पिऊन आले, परत बसले, तरी पुढचा शब्द लागेना. शेवटी माझा लॅपटॉप आणला आणि ते पत्र उघडून तिच्यापुढे सरकवलं. ती मराठी वाचायला वेळ लावते. त्या दोन ओळींना तिने फारच वेळ लावला.

"सेम नाहीये, आई," ती म्हणाली. माझी समजूत घालत होती बिचारी. "पगार आहे, पासपोर्ट आहे, शी कॅन लीव्ह. सेम म्हणणं इज ॲन इन्सल्ट टु देम." मग पडद्याकडे बघतच तिने विचारलं, "पण डिड यू आस्क हर?"

माझं डोकं सटकलं. बारा वर्षं घरातल्या माणसासारखी ठेवली, कधी आवाज चढवला नाही, तिच्या आईच्या दवाखान्याला पैसे दिले, आणि ही कालची पोरगी मला विचारते. बरंच काही बोलले. लेक ऐकून घेत राहिली. मी विचारलं नव्हतं, हे काही माझ्या बोलण्याने बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कपडे घडी करत होती, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. मृत्युपत्राचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "तुला पुढे काय करायचंय?"

ती गोंधळली. परत विचारलं. मग हातातला टॉवेल मांडीवर ठेवून म्हणाली, "मॅडम, मी घरी जाणार. कॅन?" तिची मुलगी गरोदर होती. पहिलंच बाळंतपण, आणि आजी आता राहिली नव्हती. तिचं इथे काम करायचं परमिट पुढच्या महिन्यात संपत होतं. गेले दोन महिने ती मला विचारत होती, मॅडम, परमिट कधी रिन्यू? मला वाटायचं, तिला रिन्यू करायची घाई झालीय. ती बिचारी माझ्याकडून कधी विषय निघतो याची वाट बघत होती.

"कधी आहे बाळंतपण?" मी विचारलं.

तिने तारीख सांगितली. माझ्या ऑपरेशनचाच आठवडा.

मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "जा की. कायमची जा. फक्त माझं ऑपरेशन होऊ दे. दोन-तीन महिने मला उठता-बसता यायचं नाही. ते झालं की मी स्वतः तिकीट काढते तुझं."

"ओके, मॅडम," ती म्हणाली आणि टॉवेल घडी केला.

मला माझं फारच कौतुक वाटलं. पत्रातली ती ओळ खोडली. जावेला कळवलं की बाई घरी जाणार, तुझं काही जमायचं नाही. तिने पुढे आठवडाभर माझा फोन उचलला नाही. लेकीला सांगितलं, विचारलं बरं का मी. लेक "गुड" म्हणाली, आणि पुढच्या रविवारी आम्ही उरलेले कागद काढले.

त्यात एक वेगळं निघालं. एका मालकाने एका माणसाला मोकळं केलं होतं. कुठल्या वसाहतीत हे चालायचं, कुठे सरकारची परवानगी लागायची, ते लेक मला समजावत होती. माझं लक्ष वाक्याच्या शेवटाकडे होतं. त्या माणसाने आयुष्यभर इमानाने काम केलं म्हणून त्याला स्वातंत्र्य द्यायचं होतं. पण ते मालकाची बायको वारल्यानंतर. तोवर त्याने तिची सेवा करायची.

"किती जगली मग ही बायको?" मी विचारलं.

"नो रेकॉर्ड."

"लबाड मेला," मी म्हणाले. "स्वतःला कसली झळ लागू द्यायची नाही, आणि मोठेपणा मात्र..." आणि माझं वाक्य तिथेच तुटलं. तोंडात मारल्यासारखं झालं. लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, मला ठाऊक आहे.

आता खरं सांगते, मला तिला सोडायचं नव्हतं. नवऱ्याला साधी कणीक मळता येत नाही आणि लेक रक्त बघून चक्कर येऊन पडते. ऑपरेशननंतर मला धरून उठवणारे, न्हाणीघरात पाठीवर पाणी घालणारे हात माझ्या डोळ्यांपुढे यायचे ते तिचेच. ती नसली तर मी वाचणार नाही, अशी एक वेडगळ भीती पोटात जाऊन बसली होती. दोन दिवस मी स्वतःशीच हुज्जत घातली. बाळंतपण काय, बायका शेतातसुद्धा बाळंत होतात. तिच्या मुलीला सासू असेल. मला मात्र कोण आहे? तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना, एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्याच, फोनवरून मी तिचं तिकीट काढलं. ऑपरेशनच्या बारा दिवस आधीचं. घरी येऊन सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसली. आमच्यासमोर ती कधी खुर्चीत बसत नसे. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली आणि मीही रडले, तोवर राहिलेलं सगळं एकदम.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्या सामानाशी होते. लेकीचे तान्हेपणीचे झबल्यांसारखे फ्रॉक मी कधीतरी टाकायला काढले होते; तिने ते कुठे कुठे जपून ठेवले होते, ते बाळासाठी नेत होती. माझा ऊर भरून आलेला. अशा वेळी माणूस नको ते बोलतं. मी म्हणाले, "बरं झालं ना तेव्हा आम्ही तुला घेतलं? नाहीतर कुठल्या कुठे गेली असतीस."

ती फ्रॉकच्या बाह्या आत दुमडत होती. "तेव्हा माझं तिकीट होतं, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "घरी जायचं तिकीट. माझी मुलगी नऊ वर्षांची. मी जुन्या मॅडमला सांगितलं, मी फिनिश, मी घरी जाते. मग तिकडच्या सरांनी तिकीट कॅन्सल केलं. मॅडम म्हणाल्या, नवी मॅडम चांगली, सेम जेवण, सेम काम."

नऊ वर्षांची. माझी लेकही तेव्हा नऊ वर्षांची होती.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले. "देवाशपथ मला हे माहीत नव्हतं."

"ओके, मॅडम," ती म्हणाली आणि पुढचा फ्रॉक घेतला.

ती गेली. चांगी विमानतळावर आम्ही तिघंही पोचवायला गेलो. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, वाईट नव्हती, आणि नवरा यूट्यूबवर बघून मऊ भात करायला शिकला, जरासा करपवून का होईना. लेकीने मला न्हाऊ घातलं. पहिल्या दिवशी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. बाईच्या मुलीला मुलगा झाला. फोटो आला, त्यात बाळाच्या अंगात माझ्या लेकीचा पिवळा फ्रॉक होता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी घरी एकटी सोफ्यावर पडले होते. तिकिटाचं ते मनातून जाईना. मी अशी नाही, कळलं असतं तर मी तिला घेतलंच नसतं, असं मी स्वतःला दिवसातून दहादा सांगत होते. शेवटी खात्री करून घ्यावी म्हणून बारा वर्षांपूर्वीचा तो मेल शोधून काढला. सोफा, वॉशिंग मशीन, सायकल. सायकल आणि अभ्यासाचं टेबल यांच्यामध्ये बाई. खाली जुन्या मॅडमनी मला एकटीला लिहिलेली दोन वाक्यं होती: बाई घरी जायचं म्हणते आहे, तिकीटही काढलंय. पण तुम्हाला गरज असेल तर बघते.

त्याखाली माझं उत्तर. बाई आणि टेबल, दोन्ही आम्ही घेतो. तिला जरा समजवा. शनिवारी गाडी पाठवते.

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. विसरले होते, हे खरं आहे. पण विसरायच्या आधी मला माहीत होतं. मी शपथ घेतली होती, देवाची, आणि तीही तिच्यासमोर.

फोन लावला. मागे बाळ रडत होतं, ती त्याला खांद्यावर घेऊन थोपटत असावी, आवाज हलत होता. तिने आधी माझ्या टाक्यांची चौकशी केली. मग मी सांगितलं. म्हणाले, मी तुझ्याशी खोटं बोलले, मला माहीत होतं, तुझं तिकीट काढलंय हे माहीत असून मी तुला समजवायला सांगितलं, माझा मेल आहे.

बाळ गप्प होईपर्यंत ती थांबली.

"आय नो, मॅडम," ती म्हणाली. "जुन्या मॅडमनी तेव्हाच वाचून दाखवला होता."